तारेवरची साळुंकी, खांबावरचा गरुड

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, युटाच्या हद्दीजवळ, रेंजली नावाचं लहानसं गाव आहे. गावाशेजारी तेलाचं क्षेत्र पसरलंय. मातकट टेकड्या, सेजब्रशची खुरटी झुडपं, पाऊस बेताचा. झाड म्हणून काही दिसायचं तर ते व्हाइट नदीच्या काठाला. या उघड्या माळावर तेलाच्या शेकडो विहिरी आहेत. विहिरीवर मान खालीवर करणारा पंप, पंपाला मोटर, मोटरीला ट्रान्सफॉर्मर आणि तिथपर्यंत वीज आणणाऱ्या खांबांच्या रांगा.

माळावर ससे भरपूर. शिवाय बिळं करून राहणारे, खारीच्या कुळातले प्रेअरी डॉग. म्हणजे सोनेरी गरुडाला खायला पोटभर आहे, कमी आहे ती टेहळणीला बसायच्या उंच जागेची. ती जागा वीजवाल्यांनी आयती करून दिली. मैलोन् मैल झाड नाही, अशा ठिकाणी दहा-बारा मीटर उंचीचा खांब म्हणजे गरुडाच्या दृष्टीनं वडाचा शेंडाच.

जानेवारी १९९६ पासूनच्या २९ महिन्यांत या खांबांपाशी ३८ शिकारी पक्षी मेले किंवा जायबंदी झाले, असं अमेरिकी सरकारचं म्हणणं होतं. त्यांतल्या १७ पक्ष्यांच्या मृत्यूवरून खटला उभा राहिला: बारा सोनेरी गरुड, चार फेरुजिनस हॉक आणि एक ग्रेट हॉर्न्ड घुबड. आरोपीच्या पिंजऱ्यात होती मून लेक इलेक्ट्रिक असोसिएशन ही वीजपुरवठा करणारी संस्था. ही काही बडी खासगी कंपनी नव्हे. ग्राहकांच्याच मालकीची ग्रामीण सहकारी संस्था, आपल्याकडे श्रीरामपूर-राहुरी भागात २०११ पर्यंत मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था होती त्या जातीची. तिच्यावरचा ठपका असा की २,४५० खांबांवर बसवता येण्यासारखी स्वस्त साधनं तिनं बसवली नाहीत आणि त्यामुळे हे पक्षी मेले.

आता कुणीही विचारेल: तारेवर तर रोज शेकडो पक्षी बसतात. माझ्या गॅलरीसमोरच्या लायनीवर संध्याकाळी साळुंक्यांची अशी दाटी होते की तार खाली झोल खाते की काय वाटावं. त्यांना काही होत नाही. मग साळुंकीच्या कितीतरी पट थोराड गरुड मेला कसा?

शाळेत याचं उत्तर एका ओळीत मिळतं: सर्किट पूर्ण होत नाही म्हणून पक्ष्याला शॉक बसत नाही. उत्तर बरोबर आहे, पण ते तारेपुरतं आहे. रेंजलीचं प्रकरण समजून घ्यायचं तर आधी ही ओळ थोडी सोलावी लागते.

माझी नोकरी वीज वितरणात गेली, तेव्हा हिशेब आपल्याच लायनीचा मांडतो. गावोगावच्या ११ केव्ही, म्हणजे ११ हजार व्होल्टच्या, लायनीवर पुष्कळ ठिकाणी ‘रॅबिट’ नावाची तार असते. मधे पोलादाचा एक पेड, भोवती अॅल्युमिनियमचे सहा. तारांना प्राण्यांची नावं द्यायची ही साहेबाची पद्धत. रॅबिटहून बारीक ती वीझल, जाड ती डॉग. या रॅबिटचा एक किलोमीटर लांबीचा रोध सुमारे ०.५५ ओम. साळुंकीच्या दोन पायांत अंतर असेल चार सेंटीमीटर. तेवढ्या तुकड्याचा रोध निघतो ०.००००२२ ओम. तारेतून १०० अँपिअर वाहत असतील तर साळुंकीच्या डाव्या आणि उजव्या पायांत दाबाचा फरक पडतो ०.००२२ व्होल्टचा. टॉर्चमधला सेल दीड व्होल्टचा असतो. हा फरक त्याच्या जवळपास सातशेपट कमी. साळुंकीच्या अंगाचा रोध अंदाजानं दहा हजार ओम धरला, तर तिच्या अंगातून एका मायक्रोअँपिअरचा पाव भागसुद्धा जात नाही. तार ११ हजार व्होल्टची असली तरी तिच्या वाट्याला येतात ते दोन पायांमधले हे दोन मिलिव्होल्ट.

पायाला रबरासारखं कातडं असतं म्हणून पक्षी वाचतो, हे मी मुरलेल्या वायरमनच्या तोंडूनही ऐकलंय. तसं काही नसतं. तारेवर प्लास्टिक असतं म्हणून, हेही नाही. आपल्याकडच्या डोक्यावरच्या ११ केव्हीच्या बहुतेक तारा उघड्याच असतात. साळुंकी बसते त्या क्षणी तिचं सगळं अंग तारेच्याच दाबावर जातं. ती अकरा हजारांच्या लायनीवरची एक फुगीर गाठ होऊन जाते, एवढंच. हेलिकॉप्टरमधून किंवा रोधक शिडीवरून अतिउच्चदाबाच्या चालू लायनीवर उघड्या हातानं काम करणारे लोक हेच करतात. धातूचे धागे विणलेले कपडे घालून ते आधी स्वतःला तारेच्या दाबावर आणतात आणि मग तारेला हात घालतात. जमिनीशी, खांबाशी, दुसऱ्या फेजशी त्यांचा कसलाही संबंध राहू दिलेला नसतो.

अगदी शून्य प्रवाह तरी तिच्या अंगात असतो का? शून्य नसतो. वीज एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी, असल्यानं तिचं अंग सेकंदाला पन्नास वेळा भारित होऊन उतरतं आणि त्यासाठी थोडा प्रवाह येत-जात राहतो. ११ केव्हीवर तो काही मायक्रोअँपिअर, म्हणजे जाणवणारही नाही इतका. पण ४०० केव्हीच्या लायनीवर तारेचा जमिनीशी दाब छत्तीसपट असतो, तारेभोवतीचं विद्युतक्षेत्रही तसंच तीव्र. म्हणून त्या लायनीच्या तारांवर सहसा पक्ष्यांची माळ दिसत नाही. ते टॉवरच्या सांगाड्यावर किंवा सगळ्यात वरच्या अर्थवायरवर बसतात. पुणे-नाशिक रस्त्यानं जाताना बसच्या खिडकीतून बघा.

तर तार ही पक्ष्याला सुरक्षित जागा आहे, जोवर त्या तारेखेरीज दुसऱ्या कशाला त्याचं अंग लागत नाही तोवर. आणि ‘दुसरं काहीतरी’ सगळ्यात दाटीनं असतं ते खांबाच्या माथ्यावर. दोन खांबांच्या मधल्या गाळ्यात तारा एकमेकींपासून लांब, मोकळ्या हवेत असतात. खांबाशी आल्या की त्यांना आडव्या दांड्यावर, इन्सुलेटरवर जवळजवळ बांधावं लागतं. ट्रान्सफॉर्मर असेल तर विचारूच नका: जंपर म्हणजे जोडतारा, फ्यूज, लाइटनिंग अरेस्टर, बुशिंग म्हणजे टाकीतून तार बाहेर काढणारे रोधक, आणि ट्रान्सफॉर्मरची अर्थ केलेली, म्हणजे जमिनीला जोडलेली, टाकी. हातभर जागेत अकरा हजार व्होल्ट आणि जमीन शेजारी शेजारी उभी असतात.

रेंजलीत विहीर तिथं मोटर, मोटर तिथं ट्रान्सफॉर्मर. साधे सरळ खांब आणि असे भरगच्च खांब यांत भरगच्च खांब जास्त घातक. तेलक्षेत्रात त्यांची संख्या मुळातच मोठी. गरुडाला अर्थात यातलं काही कळत नाही. त्याला उंच खांब दिसतो, आणि खांबावर जितकं सामान जास्त तितकं पाय रोवायला बरं.

सोनेरी गरुडाचे पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत दोन मीटरच्या आसपास भरतात, मोठ्या मादीचे सव्वादोन मीटरपर्यंत. पण अपघाताच्या दृष्टीनं हे माप फसवं आहे. कोरडं पीस हा चांगला विद्युतरोधक असतो. पंखाचं शेवटचं पीस तारेला घासलं म्हणून गरुड मरत नाही. मरतो तो मांस-कातडं टेकलं तर: पाय, चोच, आणि पंख जिथं दुमडतो तो सांधा, म्हणजे पक्ष्याचं मनगट. एका मनगटापासून दुसऱ्या मनगटापर्यंतचं अंतर हे खरं माप. पावसानं किंवा बर्फानं पिसं भिजली की मात्र हिशेब बदलतो. ओलं पीस वीज वाहून नेतं आणि मग पंखाचं टोकही मोजावं लागतं. त्यातून भिजलेला गरुड पंख वाळवायला काय करतो? खांबावर बसून ते पसरतो.

एक फेज डाव्या मनगटाला, दुसरी उजव्या मनगटाला, की संपलं. किंवा एका मनगटाला फेज आणि पायाखाली ट्रान्सफॉर्मरची टाकी. साळुंकीच्या हिशेबात जो दहा हजार ओमचा रोध होता तोच ठेवून आपल्या ११ केव्हीचा फेज ते जमीन हा दाब, म्हणजे ६,३५० व्होल्ट, लावून पाहा. प्रवाह निघतो ०.६ अँपिअरहून अधिक. मघाच्या प्रवाहाच्या सुमारे तीस लाख पट. पक्षी तोच, दाब तोच, फक्त त्याचं अंग दोन ठिकाणी टेकलं.

हे सगळं १९९६ मध्ये नव्यानं कळलं होतं असं मात्र नाही, आणि प्रकरणाची खरी मेख इथं आहे. १९७०च्या सुमारास वायोमिंग आणि कोलोरॅडोमध्ये मोठ्या संख्येनं मेलेले गरुड सापडले होते. मेंढपाळांनी विष घातलं, कुणी गोळ्या घातल्या, अशी चौकशी सुरू झाली. काही गरुड खरोखरच तसे मारले गेले होते. पण खांबांच्या बुंध्याशी पडलेल्या कित्येकांच्या अंगात गोळी नव्हती आणि पोटात विषही नव्हतं. पायांवर, पंखांच्या सांध्यांवर भाजल्याच्या खुणा होत्या.

त्यानंतर आयडाहोमधल्या बॉइसी शहरातल्या मॉर्ली नेल्सन या माणसाकडे हे कोडं गेलं. नेल्सन शिकारी पक्षी पाळून शिकवण्यात तरबेज होता. चित्रपटांसाठीही त्यानं गरुड तयार केले होते. आयडाहो पॉवर या वीज कंपनीच्या साथीनं त्यानं एक साधा प्रयोग केला. वीज नसलेले नकली खांबमाथे उभे केले, आपले शिकवलेले सोनेरी गरुड त्यांच्यावर उतरवले आणि त्याचं चित्रण करून गरुड नेमका कसा उतरतो, कुठं पाय देतो, पंख कुठं जातात हे संथ गतीनं पाहिलं. मला या प्रकरणातली ही सगळ्यात आवडती गोष्ट वाटते. आमच्या क्षेत्रात दोष शोधायचा म्हणजे मीटर, मेगर, रिले. इथं दोष शोधायला गरुडालाच खांबावर बोलावलं.

त्यातून बऱ्याच गोष्टी उलगडल्या. मरणाऱ्यांत कोवळे गरुड फार का, हा त्यातला एक. जाणता गरुड वाऱ्याच्या तोंडावर येऊन, पंख आवरून, अलगद टेकतो. पहिल्या वर्षाचं पिल्लू धडपडत येतं, तोल सावरायला तारांच्या मधेच पंख फडफडवतं, कधी दांडा चुकून तारेलाच लटकतं. पंख तसेच लांब, अक्कल मात्र अजून आलेली नाही. दांडा वाऱ्याच्या दिशेला कसा आहे यानंही फरक पडतो. गरुडाला तारा ओलांडून उतरावं लागत असेल तर धोका वाढतो. आणि सगळे खांब सारखे घातक नसतात. चढावर, उंचवट्यावर असलेला, समोर शिकारीचं मैदान दिसणारा खांब गरुड पुन्हा पुन्हा निवडतो. एखाद्या लायनीवरचे मोजके खांब दुरुस्त केले तरी पुष्कळ पक्षी वाचतात, हे वीजवाल्यांच्या पथ्यावर पडणारं निरीक्षण.

या कामाच्या आधारावर १९७५ साली अमेरिकेतल्या वीज उद्योगासाठी शिकारी पक्ष्यांच्या संरक्षणाची एक मार्गदर्शक पुस्तिका निघाली. ६० इंच, म्हणजे सुमारे दीड मीटर, हा आकडा तिथपासून रुळला. दोन फेजमध्ये, किंवा फेज आणि अर्थ केलेल्या भागात, आडवं इतकं अंतर ठेवा. थोराड गरुडाची दोन्ही मनगटं एकदम टेकणार नाहीत. ते जमत नसेल तर मधल्या फेजवर रोधक आवरण घाला, जंपर झाका, बुशिंगवर टोप्या बसवा, किंवा तारांच्या वर बसायला वेगळी फळी द्या. यात अवघड तंत्रज्ञान कुठंच नाही. वायरमन एका शटडाऊनमध्ये दोन-चार खांब सहज उरकेल असली कामं.

मग ती रेंजलीत का झाली नाहीत? न्यायालयात काय सिद्ध झालं ते बाजूला ठेवून नोकरीच्या अनुभवावरून एक गोष्ट सांगतो. पक्षी मेल्याचं वीजवाल्याला कळतंच असं नसतं. पक्ष्यातून ठिणगी गेली की फिडर, म्हणजे सबस्टेशनातून निघालेली लायन, ट्रिप होतो. तिकडं रिक्लोजर असतो, तो काही क्षणांत पुन्हा पुरवठा चालू करतो. तोवर पक्षी खाली पडलेला असतो, दोष आपोआप मिटलेला असतो. ग्राहकाच्या घरी दिवा फक्त लुकलुकतो. आपल्याकडे सबस्टेशनचा ऑपरेटर ट्रायल घेतो, फिडर टिकतो, आणि लॉगशीटवर ‘तात्पुरता दोष’ अशी नोंद करून तो चहाला बसतो. खांबाखाली पडलेलं शव रात्रीत कोल्ह्यानं किंवा कुत्र्यानं ओढून नेलं की कागदावर काहीच उरत नाही. एकदा पावसाळ्यात आमच्या एका फिडरवर आठवडाभर रोज पहाटे असं होत होतं. शेवटी एका पोरगेल्या लाइनमननं डीपीखालच्या गवतात हात घातला, तेव्हा हाताला दोन घारी लागल्या. एकीच्या नख्या कोळशासारख्या झाल्या होत्या. त्याआधी आम्ही तीन दिवस झाडांच्या फांद्या छाटत फिरत होतो.

पण मून लेकनं न्यायालयात ‘आम्हाला माहीत नव्हतं’ असा बचाव घेतला नाही. तिचा मुद्दा कायद्याचा होता, आणि ऐकायला तो पटण्यासारखाही होता. खटला दोन कायद्यांखाली होता: स्थलांतरी पक्ष्यांचा १९१८चा कायदा आणि गरुडांच्या संरक्षणाचा १९४०चा कायदा, ज्यात सोनेरी गरुड १९६२ मध्ये आला. संस्थेचं म्हणणं, हे कायदे बंदूक घेऊन हिंडणाऱ्यांसाठी आणि चोरट्या शिकाऱ्यांसाठी आहेत. आम्ही खांब रोवले ते वीज द्यायला. पक्षी मारायचा आमचा हेतू नव्हता, मारण्याची कृतीही आम्ही केली नाही. असल्या गोष्टीला गुन्हा म्हणायचं तर मग ज्याच्या मोटारीच्या काचेवर चिमणी आपटली तोही गुन्हेगार, आणि ज्याच्या घराच्या खिडकीवर पारवा धडकला तोही.

जानेवारी १९९९ मध्ये न्यायाधीश लुईस बॅबकॉक यांनी हा युक्तिवाद फेटाळला आणि खटला रद्द करायला नकार दिला. स्थलांतरी पक्ष्यांच्या कायद्यातला हा गुन्हा हेतूवर अवलंबून नाही, असं त्यांनी धरलं. गरुडांच्या कायद्याचं वेगळं आहे. तिथं जाणूनबुजून किंवा परिणामाची पर्वा न करता वागल्याचं दाखवावं लागतं. पण शिकाऱ्यांपुरतेच मर्यादित असे हे दोन्ही कायदे नाहीत. मोटारीच्या आणि खिडकीच्या भीतीलाही त्यांच्याकडे उत्तर होतं. पक्ष्याचा मृत्यू हा त्या कृतीचा सहज अंदाज येण्यासारखा, स्वाभाविक परिणाम असला पाहिजे, तरच जबाबदारी येते. मोटार चालवणाऱ्यानं अमुक चिमणी धडकेल हे धरून चालावं अशी कुणाची अपेक्षा नसते. गरुडांच्या माळावर उघड्या जंपरांचे खांब वर्षानुवर्षं तसेच ठेवणाऱ्याचं तसं नाही. वकिली भाषेतलं हे सूत्र मला पुरेपूर पटतं, आणि का ते सांगतो: १९७५ची पुस्तिका. वीसहून अधिक वर्षं ज्या धोक्याचं माप इंचांत छापलेलं आहे, त्याला अपघात म्हणणं जड जातं.

पुढे संस्थेनं गुन्हा कबूल केला. ऑगस्ट १९९९ मध्ये दंड आणि भरपाई मिळून एक लाख डॉलर, तीन वर्षांची परिवीक्षा (प्रोबेशन), आणि सरकारच्या वन्यजीव खात्याशी करार करून खांब सुधारायची हमी, अशी शिक्षा झाली. पक्षी विजेनं मेले म्हणून अमेरिकेतली वीजसंस्था या कायद्यांखाली दोषी ठरल्याचं हे पहिलं उदाहरण. रक्कम मोठी नव्हती, पण धसका मोठा होता. दहा वर्षांनी, २००९ मध्ये, वायोमिंगमधल्या गरुडांच्या मृत्यूंसाठी पॅसिफिकॉर्प या बड्या कंपनीनं गुन्हा कबूल केला तेव्हा हिशेब एक कोटी डॉलरच्या पुढे गेला; त्यातला मोठा वाटा लायनी दुरुस्त करायचा.

कायद्याचा प्रश्न तिथं मिटला असं समजू नये. २०१५ मध्ये टेक्सासमधल्या एका तेलशुद्धीकरण कारखान्याच्या प्रकरणात अपील न्यायालयानं बॅबकॉक यांच्या अगदी उलट भूमिका घेतली: स्थलांतरी पक्ष्यांचा कायदा मुद्दाम केलेल्या कृतीपुरताच. त्यानंतर वॉशिंग्टनमध्ये सरकार बदललं की त्या कायद्याचा सरकारी अर्थही बदलतो, असा प्रकार चालू आहे.

आता आपल्या खांबाकडे. रेंजलीचा दीड मीटरचा धडा आपल्याकडे जसाच्या तसा उचलून चालत नाही, आणि यामागचं कारण साधं आहे. अमेरिकेत वितरणाचे खांब आणि त्यांवरचे आडवे दांडे बहुतेक लाकडाचे. कोरड्या लाकडावर बसलेला गरुड जमिनीशी नीटसा जोडलेला नसतो. तो मरायला दोन तारा किंवा तार आणि अर्थ असं दोन्ही टेकावं लागतं. आपल्याकडे खांब सिमेंटचा किंवा लोखंडाचा आणि क्रॉसआर्म, म्हणजे आडवा दांडा, लोखंडी चॅनेलचा, तोही अर्थ केलेला. म्हणजे क्रॉसआर्मवर बसलेला पक्षी आधीच जमिनीवर उभा आहे. त्याच्या डोक्याशी पिन इन्सुलेटर, आणि त्यावर वीतभर उंचीवर ११ केव्हीची तार. मरायला आता एकच स्पर्श पुरे. त्यासाठी गरुडाचे पंख लागत नाहीत. चाळीस सेंटीमीटरचा गावकावळा मान उंचावून चोच घासतो तेवढ्यानंही भागतं. आपल्या व्ही आकाराच्या क्रॉसआर्मवर दोन फेजमधलं अंतर कितीही वाढवा, कावळ्याला त्याचा उपयोग नाही. त्याला मारणारं अंतर उभं आहे, क्रॉसआर्म ते तार. तिथं उपाय एकच: खांबाशी तारेला दोन्ही बाजूंना रोधक आवरण, आणि डीपीवरचे जंपर इन्सुलेटेड.

वटवाघळाचं आणखी वेगळं. फळं खाणारं मोठं वटवाघूळ पंख पसरलं की सव्वा-दीड मीटरपर्यंत भरतं, आणि त्याचा पंख म्हणजे पिसं नव्हेत, ओलसर जिवंत कातडी. मघाशी गरुडाला कोरड्या पिसांची जी सवलत मिळाली ती याला नाही. ते खालच्या तारेला उलटं लटकतं, तोवर साळुंकीइतकंच निर्धास्त. मग उडायला किंवा वर सरकायला पंख उघडतं आणि दुसऱ्या तारेला भिडतं. वडा-पिंपळाच्या गावांतून तारेवर वाळून लटकलेली वटवाघळं आपण सगळ्यांनी पाहिलीत.

याच ओघात माळढोकाचं नाव हमखास निघतं, कारण तारांवरून सर्वोच्च न्यायालयात गाजलेलं प्रकरण त्याचं आहे: एप्रिल २०२१चा तारा जमिनीखाली घालण्याचा आदेश, आणि मार्च २०२४ मध्ये त्यात केलेला बदल. सोलापूरजवळच्या नान्नजमुळे आपल्याला तो पक्षी घरचा. पण त्याची गोष्ट रेंजलीच्या गरुडाची नाही. माळढोकाच्या पायाला मागचं बोटच नसतं. तारेवर किंवा फांदीवर पकड घेऊन तो बसूच शकत नाही. जड अंगाचा, समोरचं नीट न दिसणारा हा पक्षी उडता उडता तारेवर आदळतो. तिथं तारेत वीज नसती तरी तो मेलाच असता, म्हणून तिथला उपाय तार दिसेल अशी करणं किंवा ती हटवणं. खांबाच्या माथ्यावर आवरणं घालून माळढोक वाचणार नाही, आणि तारांना चकत्या लटकावून रेंजलीचा गरुड वाचला नसता. दोन्ही प्रश्नांना ‘पक्षी आणि तारा’ असं एकच नाव पडल्यामुळे बैठकांमध्ये फार गोंधळ होतो.

मे महिन्यात आमच्या भागात पावसाळ्यापूर्वीची देखभाल निघते. शटडाऊन घेतात, फांद्या तोडतात, खांबांवरची घरटी उतरवतात. परवा समोरच्या डीपीवरून कावळ्याचं एक रिकामं घरटं खाली आलं. काड्या निम्म्या, उरलेल्या लोखंडी बांधणीच्या तारा, एक हँगर आणि हातभर लांबीचा अॅल्युमिनियमचा पेड, बहुधा कुठल्या तरी जुन्या रॅबिटचा. लाइनमननं ते पायानं बाजूला सारलं आणि बंद लायनीवर काम करायचं परमिट परत करायला गेला. कावळा समोरच्या तारेवर बसून हे सगळं बघत होता. पुरवठा चालू झाला तरी तो तिथंच होता. मग उडाला, आणि सरळ डीपीच्या क्रॉसआर्मवर जाऊन बसला.